आधी रोगाची वाट ओळखा

आज पदवी घेणाऱ्या परिचारिका-परिचारकांनो,

खोकत आलेल्या रुग्णाला दवाखान्याच्या दारात पहिल्यांदा तुम्ही पाहणार आहात. डॉक्टर मागाहून येतील, तपासणीचा अहवाल त्याहून उशिरा. त्याला कुठे बसवायचं, कोणती काळजी घ्यायची, हे मात्र तेव्हाच ठरवावं लागतं.

सावद्याच्या केळी बागायतदाराला करपा आणि मोझॅक यांतला फरक कळतो. करप्याचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, म्हणून तो रोगट पानं कापून फवारणी करतो. मोझॅकचा विषाणू मावा किडीतून पसरतो, म्हणून ते झाड मुळासकट उपटतो आणि मावा आवरतो. रोगाची वाट ओळखून उपाय ठरतो. रुग्णालयातही नियम हाच.

क्षय, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. २०२२ साली मुंबईत गोवंडीला आणि आपल्या शेजारी मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा हे ज्ञान कामाचं ठरलं. अशा रुग्णाला वेगळी खोली, बंद दार, आतली हवा थेट बाहेर टाकण्याची सोय. आणि आत जाताना तुमच्या तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क. रुग्णाला मात्र साधा सर्जिकल मास्क द्या.

फ्लू, डांग्या खोकला, गालगुंड यांत जवळून उडणारे तुषार सांभाळायचे: सर्जिकल मास्क आणि स्वतंत्र खोली; ती नसेल तर दोन खाटांत किमान एक मीटर अंतर. तान्ह्या बाळांना छळणारा आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू हातांवरून आणि कपड्यांवरूनही जातो. तिथे मास्कबरोबर हातमोजे आणि गाऊन हवा. हात धुणं तर प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर.

मार्च २०२०मध्ये पुण्याच्या नायडू रुग्णालयात राज्यातले पहिले कोविड रुग्ण दाखल झाले. तेव्हा तुषार आणि स्पर्श यांवरच भर होता. बंद खोलीतल्या हवेचा धोका जगाने पुढे मान्य केला. म्हणून शंका असेल तेव्हा कडक काळजीने सुरुवात करा, निदान पक्कं झाल्यावर ती सैल करा. पण सरसकट सगळ्यांना कोंडू नका. त्यात साधनं संपतात आणि एकट्या पडलेल्या रुग्णाकडे आपलं जाणं कमी होतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. खिडक्या लावल्या जातात, कूलर सुरू होतात. कूलरचा झोत क्षयरुग्णावरून वॉर्डाकडे जात असेल, तर बाकीचे रुग्ण धोक्यात येतात. छोट्या दवाखान्यात महागडी यंत्रणा नसेल, तरी टोकाची खोली निवडता येते, एक्झॉस्ट पंखा मोकळ्या जागेकडे लावता येतो, दार लावून घेता येतं. भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या गर्दीला न दुखावता थांबवणं हीसुद्धा तुमचीच कला.

रुग्णाला वेगळं ठेवताना त्याच्याशी बोला. हे वेगळेपण कशासाठी, किती दिवस, हे त्याला समजावून सांगा. रोगाला वाट देऊ नका आणि माणसाला अंतर देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.