स्वागताध्यक्षीय भाषण : ख्रिस्ती कारभारीपण आणि मंडळीचे वर्ष



बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा या बाजारपेठेच्या गावी स्वागत समिती आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करीत आहे. धन, वेळ, अंगचे कसब आणि जमीनजुमला ही देवाने सोपवलेली ठेव मानून तिचा हिशेब देण्याच्या तयारीने जगणे, यालाच ख्रिस्ती कारभारीपण म्हणतात. आणि एका आगमनकाळापासून, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळापासून, पुढच्या आगमनकाळापर्यंत फिरणाऱ्या मंडळीच्या (चर्चच्या) वर्षात ही वृत्ती माणसात कशी मुरते, हा परिषदेचा विषय आहे. त्यासाठी जुन्या मंडळ्यांचे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर किंवा नगर) सोडून कडा का निवडले, याचे उत्तर गावाच्या इतिहासात असल्याने ते विस्ताराने सांगण्याची मुभा समितीला असावी.

कडा हे सीमेवरचे गाव. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर पश्चिमेला जवळच, 1947 पर्यंत इंग्रजी अंमलाखाली असलेला, नगर जिल्हा सुरू होत असे. त्यामुळे माल, माणसे आणि नवे विचार येथे नगरच्या रस्त्यानेच आले. त्या नगरला 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने काम सुरू केले आणि 1842 मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघाले. रेल्वेला मात्र कड्यात यायला फार उशीर झाला. अहमदनगर-बीड-परळी मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला, 23 सप्टेंबर 2022 रोजी गाडी कड्यावरून नवीन आष्टीपर्यंत धावली आणि 2025 मध्ये त्याच 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. आज काही प्रतिनिधी कडा स्थानकावर उतरले, याचा गावाला झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही.

गावाचा खरा अभिमान मात्र अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ हा आहे. श्वेतांबर स्थानकवासी परंपरेने प्रमाण मानलेल्या बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करणारे आचार्य अमोलकऋषीजी यांचे नाव या संस्थेने धारण केले आहे. एवढे मोठे ग्रंथकार्य करणाऱ्या या साधूविषयी आज संस्थेच्या पाटीपलीकडे फारसे कोणी बोलत नाही, ही खंत येथे नोंदवणे आवश्यक वाटते. ज्या गावात शिकण्यासाठी मुलांना नगर गाठावे लागे, तेथे व्यापाऱ्यांनी गाठीचे पैसे घालून शाळा उभी केली, पुढे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयही आले आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले पदवीधर झाली. जैन परंपरेत ज्याला अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे साठा न करण्याचे व्रत म्हणतात, त्याचे आणि कारभारीपणाचे नाते विद्वानांनी तपासावे. मिळकतीला चिकटून राहू नये, एवढे तरी दोन्हीकडे समान दिसते.

ख्रिस्ती कारभारीपणाचा दाखलाही दूरचा नाही. आष्टीच्या पुढे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टरी ज्ञान स्वतःपाशी न ठेवता त्यांनी ते गावोगावच्या, बहुतेक अल्पशिक्षित, स्त्रियांच्या हाती दिले. बाळंतपण, बालकांचे वजन, पिण्याचे पाणी यांची राखण त्या स्त्रिया करू लागल्या. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मंडळीच्या वर्षाविषयी अधिकाराने बोलणारे व्यासपीठावर आहेत. समितीला एवढेच सुचवायचे आहे की, या भागात ते वर्ष शेताच्या वर्षासोबत वाचावे. आगमनकाळात येथील कित्येक कुटुंबे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात आणि त्यांचा नाताळ साखर कारखान्याच्या तळावर, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, होतो. उपवासकाळ, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे, रविवार वगळून मोजलेले चाळीस दिवस, ज्वारीच्या काढणीत आणि विहिरींचे पाणी खाली जाण्याच्या दिवसांत येतो. पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या, सणानंतरचा लांबलचक काळ तर खरिपाच्या पेरणीपासून काढणीपर्यंत चालतो. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, कोणत्या महिन्यात मागावा आणि कोणत्या महिन्यात मंडळीनेच घरी धान्य पोहोचवावे, हे या दोन वर्षांची सांगड घातल्याशिवाय ठरणार नाही.

आता व्यवस्थेविषयी. परिषद उपवासकाळात भरत असल्याने जेवण पिठले, भाकरी, ठेचा आणि ताक एवढेच ठेवले आहे. गोडाधोडाचे वाचलेले पैसे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी जातील. निवास वसतिगृहांत व मंगल कार्यालयात असून गाद्या कमी पडल्याने काहींना सतरंजीवर झोपावे लागेल, त्याबद्दल समिती क्षमा मागते. आंघोळीचे पाणी टँकरचे आहे. वीज जाईल, डास चावतील, ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडेल. ज्येष्ठांसाठी पुरेशा खुर्च्या मिळाल्या नाहीत, याचे समितीला विशेष वाईट वाटते.

देणगीदारांचे ऋण मोठे आहे. कांद्याच्या आडत्यांनी मंडपाचा खर्च उचलला, हमाल व मापाड्यांनी एका दिवसाची मजुरी दिली, किराणा दुकानदारांनी तेल-डाळ दिली, शेतकऱ्यांनी ज्वारीची पोती आणून टाकली, माळकरी मंडळींनी वाढप्याचे काम अंगावर घेतले, मुस्लिम तरुणांनी स्थानकावरून सामान वाहिले आणि भाकरी थापण्यासाठी वस्तीवस्तीवरच्या भगिनी पहाटेपासून चुलीशी बसल्या आहेत. कोणाचा उल्लेख राहिला असल्यास त्यांनी तो विसर मानावा, उपेक्षा मानू नये. पहिली पंगत साडेबाराला बसेल. लांबून आलेल्या प्रतिनिधींनी त्याच पंगतीला बसावे, अशी विनंती करून समिती अध्यक्षांना परिषदेची सूत्रे हाती घेण्यास पाचारण करीत आहे.