युद्ध संपलं कुणासाठी?

(पारगाव इथं केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो, पोटासाठी गोणी उचलतो. म्हणून गोदीतलंच सांगतो. आमच्या दोन टोळ्यांत हूक चालले. मुकादमानं दोघांना चहा पाजला, हातात हात दिला, म्हणाला, मिटलं. पण काम कुणाला द्यायचं ती यादी त्याच्याच खिशात राहिली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रक्त.

यादव्याही अशाच मिटवतात. अमेरिकेत १८६५ ला उत्तरेकडचे जिंकले, गुलामी कायद्यानं गेली. जोतीबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते तिथल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. पण काळ्या माणसांच्या हाती आलेली जमीन १८६५ सालीच जुन्या मालकांकडं परत वळवली. १८७७ ला दक्षिणेतून लष्कराचा पहारा उठला. मग झाडाला फास आणि मतपेटीला कुलूप. मताच्या हक्काचा कायदा यायला १९६५ उजाडलं. युद्ध जिंकलं, तह मालकांनी केला!

आता घरात या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना मारलं. याला कुणी यादवी म्हटलं नाही, दंगल म्हटलं. दंगलीला तह लागत नाही ना! नुसती संचारबंदी उठवली की झालं.

१४ जानेवारी १९९४ ला तोडगा निघाला. नामांतर नाही, नामविस्तार. बाबासाहेब आले, मराठवाडाही राहिला. सोळा वर्षं. मी त्याला शिव्या देणार नाही. त्या कमानीखालून आज आपली पोरं जातात, ते खरंय. पण ज्याचं घर जळालं त्याला त्या कागदात काय मिळालं? गावची जमीन, पाणवठा, चौकीतलं फिर्यादीचं रजिस्टर, सगळं होतं त्याच्याच हाती राहिलं.

नेपाळात २००६ ला करार झाला. बंदूकवाले निवडणुकीत उतरले, २००८ ला राजाच गेला. तिथंही सगळ्यांना न्याय मिळाला नाही. पण यादी थोडी तरी मुकादमाच्या खिशातून बाहेर आली, म्हणून ते युद्ध पुन्हा पेटलं नाही.

उद्या कुणी तुमच्या गावात मिटवायला येईल, चहा पाजेल. चहा प्या. पण विचारा : यादी कुणाच्या खिशात?

जय भीम.