विशेष मुले आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या विदुषीचे व्याख्यान ठेवावे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. या खेपेस चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी विदुषी नव्हे. माझा धाकटा मुलगा आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. त्याला वाढविताना जे शिकले, तेवढेच माझे भांडवल. आपल्यापैकी अनेकींच्या घरी, शेजारी किंवा नात्यात असे एखादे मूल असेल. म्हणून हा विषय आपणा सर्वांचाच आहे असे समजून बोलते.

आपण ज्या बुधवार पेठेत बसलो आहोत, तिचा या विषयाशी जुना संबंध आहे. इथल्याच भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात उतरवला गेला आणि त्या जागी स्मारक करण्याचे ठरले, हे आपण जाणताच. त्या काळी लोक विचारीत, "मुलींनी शिकून काय करायचे आहे?" तो प्रश्न आज आपल्याला कोणी विचारीत नाही. पण तोच प्रश्न नाव बदलून माझ्या मुलाच्या बाबतीत मला किती वेळा विचारला गेला, त्याची गणती नाही. "याला शिकवून काय होणार?"

याचे उत्तर देणारी माणसेही आपल्याकडे होऊन गेली आहेत. मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा १८८५ साली निघाली. आपल्या पुण्यात अंध मुलांची शाळा १९३४ साली सुरू झाली. आणि १९६४ साली सिंधुताई जोशींनी 'कामायनी' काढून, ज्यांना त्या वेळी मतिमंद म्हणत, अशा मुलांसाठी शाळेचे दार उघडले. 'मतिमंद' हा शब्दही आता मागे पडला. २०१६ च्या कायद्यात 'बौद्धिक दिव्यांगत्व' असा शब्द आहे. शब्द बदलून काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु खुळा, येडा, मुकी ही हाक ज्या मुलाच्या कानांवर दिवसभर पडते, त्याच्या आईला विचारून पाहावे.

आता थोडे कामाचे बोलते. पहिली गोष्ट म्हणजे लवकर ओळखणे. मूल सहा महिन्यांचे झाले तरी मान धरीत नाही, वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, असे दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे घरची मोठी माणसे म्हणतात, "अगं, त्याचा मामासुद्धा उशिराच बोलला." बोलला असेलही. पण तपासून घेण्यात काही जात नाही आणि वाट पाहण्यात वर्षे जातात. ऐकू न येणाऱ्या मुलाला पहिल्या दोन-तीन वर्षांत श्रवणयंत्र मिळाले आणि भाषा मिळाली, तर त्याचा पुढचा मार्ग निराळा होतो. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करून पुढील उपचारांकडे पाठविण्याची सरकारी योजना २०१३ पासून आहे. तिचा लाभ घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. माझ्या मुलाला सदरा घालायला शिकवायचा होता. मी रोज सांगे, दाखवी. तो रोज चिडे. मग त्याच्या शाळेतल्या बाईंनी मला युक्ती सांगितली. सदरा तुम्हीच घालून द्या, बटणेही तुम्हीच लावा. मात्र शेवटचे एकच बटण त्याच्यासाठी ठेवा. ते एक त्याने लावले की काम पुरे झाले आणि ते त्याने पुरे केले! ते जमले की शेवटची दोन, मग तीन. असे मागून पुढे येत सहा महिन्यांत तो आपला सदरा आपण घालू लागला. भाकरी करणे, केर काढणे, बसमध्ये सुटे पैसे देणे, सारे याच रीतीने शिकवता येते. कामाचे लहान लहान तुकडे करावेत, एका वेळी एकच तुकडा द्यावा आणि तो जमला की लगेच कौतुक करावे. खरे म्हणजे ही रीत कोणत्याही मुलाला चालते. या मुलांना तिच्यावाचून चालत नाही.

काही मुले मात्र बोलण्या-वागण्यात हुशार असतात आणि वाचन-लेखन आले की अडतात. घ आणि ध, भ आणि म यांत त्यांचा घोटाळा होतो. फळ्यावरचे उतरवून घेण्यात तास संपतो. त्यांना आळशी म्हणून मारू नये. याला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे. तपासणीचा रीतसर दाखला असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो.

तिसरी गोष्ट हक्काची. माझ्या मुलाच्या वेळी एका शाळेने "आमच्या निकालावर परिणाम होईल" असे तोंडावर सांगून आम्हाला परत पाठविले. आज असे सांगितले, तर आईने मान खाली घालून परत येऊ नये. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे; मग ते जवळच्या शाळेत घ्यावे की विशेष शाळेत, हे आपण ठरवावयाचे. फार तीव्र दिव्यांगत्व असेल, तर घरी शिक्षण मिळण्याची तरतूदही आहे. दाखला आणि ओळखपत्र काढायला हेलपाटे पडतात, हे मी नाकारीत नाही. पण तो कागद पुढे जन्मभर उपयोगी पडतो.

आणि आता तो प्रश्न, जो आम्ही आया एकमेकींनाही हळूच विचारतो. आमच्या मागे याचे कसे होणार? मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान होतो. मग त्याच्या नावाने सही कोणी करायची? याची तजवीज १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्ह्याच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्यविमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. आम्ही हे कागद करून ठेवले आहेत. तरीही सांगते, कागदाने सही होते, संध्याकाळी "जेवलास का रे?" असे विचारणारे माणूस कागदाने मिळत नाही. ते शेजारात आणि नात्यात आधीपासून जोडावे लागते.

म्हणूनच मी या मंडळापुढे उभी आहे. आपण तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. हळदीकुंकवाला, भोंडल्याला या मुलींना बोलवावे आणि एका कोपऱ्यात न बसवता फेरात हात धरून घ्यावे. गाणे पाठ नसले तरी फेर धरता येतो. दुसरे, आपल्यापैकी दोघीतिघींनी मिळून आठवड्यातून दोन तास अशा एखाद्या घरी जावे आणि मुलाजवळ बसावे, म्हणजे त्याच्या आईला बँकेत, दवाखान्यात किंवा नुसते देवळात जाता येईल. माझ्या शेजारणीने माझ्यासाठी हे बारा वर्षे केले. तिच्या पगडीफेड मी कशाने करणार? तिसरे, ज्या भगिनींना कागदपत्रांची सवय आहे त्यांनी दाखला काढायला नव्या आईबरोबर जावे. पहिल्या खेपेस सोबत असली की ती दुसऱ्या खेपेस एकटी जाते.

आणि एक करू नये. "कुणाच्या पापाचे फळ" ही भाषा त्या आईसमोर काढू नये. तिच्या घरी फळ आलेले नाही, मूल आले आहे. त्याला काय जमत नाही हे तिला ठाऊकच असते. काय जमू लागले, ते आपण विचारावे.

यासाठी मंडळाने येत्या महिन्यात एक यादी करावी आणि तिच्यात ज्यांना नाव द्यावेसे वाटेल त्यांनी आजच द्यावे. वही दाराशी ठेवलेली आहे.