चंद्राचा फोटो पांढरा ठिपका का येतो?

आजचा भाग ऐकताना फोन हातातच ठेवा, मध्येच कॅमेरा उघडायला सांगणार आहे.

प्रश्न सगळ्यांचाच आहे. डोळ्यांना चंद्रावरचे डाग स्पष्ट दिसतात आणि फोटोत येतो पांढरा ठिपका, रस्त्यावरच्या दिव्यासारखा. फोन स्वस्तातला आहे म्हणून? नाही. चंद्र आपल्याला रात्री दिसतो, पण त्याच्या उजळ बाजूवर चक्क ऊन पडलेलं असतं. म्हणजे तुम्ही उन्हातल्या खडकाचा फोटो काढताय. ऑटो मोडला हे कळत नाही. त्याला फ्रेमभर काळं आकाश दिसतं, 'अंधार आहे' असं तो ठरवतो आणि उजेड वाढवतो. बिचारा चंद्र जळून जातो.

मग करायचं काय? प्रो मोड उघडा. आयएसओ ५० किंवा १००. आता शटर. जुन्या फोटोग्राफर मंडळींचा ठोकताळा असा: पौर्णिमेच्या चंद्राला ॲपर्चर एफ/११ ठेवलं, तर आयएसओ १०० ला शटर १/१०० सेकंद. फोनच्या मुख्य लेन्सचं ॲपर्चर साधारण एफ/१.८ असतं आणि बहुतेक फोनमध्ये ते बदलता येत नाही. ते एफ/११ पेक्षा सुमारे ३७ पट उजेड आत घेतं. म्हणून शटर तेवढंच वेगवान हवं, म्हणजे १/४००० च्या आसपास. झूमच्या लेन्सचं ॲपर्चर लहान असतं, तिथे १/१००० पासून सुरू करा आणि बघत बघत बदला.

प्रो मोड नसेल तर? चंद्रावर बोट दाबून ठेवा, फोकस लॉक झाला की ब्राइटनेसची खूण खाली ओढा. डाग दिसायला लागले की थांबा. आयफोनवालेही हेच करू शकतात.

एक गंमत सांगतो. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा तेजस्वी नसतो, जेमतेम एक दशांश असतो. त्यामुळे अष्टमीला शटर बरंच हळू लागेल. पण फोटो तेव्हाच काढा! पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. अष्टमीला प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात.

आता तारे. इथे सगळं उलटं. आयएसओ १६०० ते ३२००, फोकस अनंतावर, शटर १५ ते २० सेकंद. त्याहून जास्त नको, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. फोन हातात धरायचाच नाही. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांमध्ये टेकवा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना बसणारा हादराही फोटोत दिसतो.

पण एक गोष्ट सेटिंगमध्ये मिळत नाही: अंधार. पुण्या-मुंबईत २० सेकंद शटर ठेवलं तर आकाश केशरी येतं. अमावास्येच्या जवळपासची, पावसाळा संपल्यानंतरची रात्र निवडा आणि शहराबाहेर जा. विदर्भातल्यांनो, पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे. हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र शोधा, पहिल्या फोटोला तेच सोपं.

आता खरा मुद्दा. माझ्या मावसभावाने मला चंद्राचा एकदम कडक फोटो पाठवला आणि विचारलं, "दादा, हा मीच काढलाय ना?" प्रश्न भारी आहे. साधा हिशेब करू. चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश रुंद दिसतो. मुख्य लेन्सच्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत तो जेमतेम २५ पिक्सेलचा येतो, पाचपट झूमच्या लेन्सने सव्वाशेच्या आसपास. त्यात प्रत्येक विवर सुबक दिसत असेल, तर काही फोनमध्ये सॉफ्टवेअर चंद्र ओळखतं आणि आधी शिकलेले तपशील त्यात भरतं. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे, मला त्याचं कौतुकच आहे. पण मग तो फोटो किती तुमचा?

तपासायला सोपं आहे. चंद्राचं चित्र मुद्दाम खूप धूसर करून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावा, खोलीत अंधार करा आणि लांबून झूम करून फोटो घ्या. स्क्रीनवर नसलेली विवरं फोटोत उगवली, तर ती फोनने घातली. मावसभावाला मी एवढंच सांगितलं: प्रो मोडमध्ये रॉ फाइल काढ आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघ.

रॉ मधला चंद्र लहान असेल, थोडा मऊही असेल. पण त्या रात्री तुमच्या लेन्सवर खरंच पडलेला उजेड तोच. आज ढग नसतील तर गच्चीवर जा, १/१००० पासून सुरू करा, आणि कोणत्या सेटिंगला डाग दिसले ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!