‘अल्लाडबेडि’



सर्जापूर रस्त्यावरील आपल्या कुटुंबांत गावाकडून आलेले आईवडील पुष्कळ. त्यांना तपासणीस नेण्याचे प्रसंग आम्हा कार्यकर्त्यांवर वरचेवर येतात. एका आजींचे एम.आर.आय. चित्रण दोनदा करावे लागले. मंगळसूत्र उतरवावे लागल्याने त्या आधीच कष्टी. त्यातून यंत्रात कानडी सूचना आली, ‘अल्लाडबेडि’, म्हणजे हलू नका. ‘काय म्हणता?’ असे विचारण्यास आजींनी मानच वळवली! चित्र पुसट झाले.

१८९५ साली राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचे क्ष-किरणचित्र घेतले, तेव्हा त्या बाईंनाही हात कित्येक मिनिटे स्थिर ठेवावा लागला होता. आज सी.टी. काही सेकंदांत आटोपते, एम.आर.आय.ला मात्र बहुधा २० ते ४५ मिनिटे लागतात. उशा-पट्टे असतात; पण त्या ठोक्यांच्या आवाजाने दचकणाऱ्या जिवास ते किती आवरणार? म्हणून आम्ही सारे आधी घरीच मराठीत सांगतो. हातात रबरी फुगा देतील, घाबरल्यास दाबावा. गुडघ्यांखाली उशी मागून घ्यावी. पाठ दुखू लागली की माणूस हलतोच. श्वास रोखण्याचा सरावही करवितो.

दुसऱ्या खेपेस आमच्यातील एक भगिनी आजींचे मंगळसूत्र मुठीत धरून दाराबाहेर बसल्या. आजी तसूभरही हलल्या नाहीत.