सेतूच्या वाटेवरील शेवटचे स्टेशन



काशीची गंगा रामेश्वराला वाहावी आणि सेतूची वाळू प्रयागी नेऊन गंगेत सोडावी, ही आपल्या वाडवडिलांची यात्रा. नाथमहाराजांच्या कावडीतली गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखी पडली, ती याच यात्रेत. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र बांधले, तेही या यात्रेकरूंसाठीच. त्या वाटेवरचे शेवटचे रेल्वे स्टेशन धनुष्कोडी. तेथे १९६४ नंतर गाडी गेलेली नाही.

यात्रेकरू तेथे उतरत खरे. पण स्टेशन झाले ते आगबोटीसाठी. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल खुला झाला आणि मद्रासची बोट मेल थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. तेथून आगबोटीने सिलोनमधील तलैमन्नार, पुढे पुन्हा आगगाडीने कोलंबो. वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर टपाल कचेरी, जकात कचेरी, शाळा, चर्च, सारे उभे राहिले.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर स्टेशनच्या तोंडाशी पोहोचली असताना समुद्राने गिळली. सुमारे ११५ माणसे गेली, गावातली वेगळीच.

पांबनच्या पुलाचेही बहुतेक गर्डर वाहून गेले होते. ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरांनी तो ४६ दिवसांत उभा केला. (आपली कोकण रेल्वे घडविणारे ते हेच.) मग स्टेशनच का राहिले? आमचे आयुष्य सरकारी फायलींत गेले, त्यामुळे हा हिशेब आम्हांस उमजतो. पुलापलीकडे रामेश्वर होते. धनुष्कोडीत उरली वाळू, आणि शासनाने ती जागा वस्तीस अयोग्य ठरविली. बोट रामेश्वराहून सुटू लागली. १९८० नंतरच्या दशकात श्रीलंकेतील यादवीत तीही थांबली. निर्णय चुकला असे आम्ही म्हणणार नाही. मात्र 'अयोग्य' हा शेरा कोळ्यांनी मानला नाही. त्यांनी तेथेच पुन्हा झोपड्या घातल्या, आणि पुढे पन्नास वर्षे वाळू तुडवीत ये-जा केली. पक्की सडक टोकापर्यंत पोहोचली ती २०१७ मध्ये. २०१९ मध्ये रेल्वेचीही कोनशिला बसली. रूळ पडले नाहीत.

आपल्यापैकी कोणी सेतूची वाळू आणावयास गेलेच, तर भग्न चर्चपाशी थोडे थांबावे. जवळच स्टेशनच्या पडक्या भिंती आणि पाण्याची टाकी उभी आहे. शंखशिंपल्यांची दुकाने मांडून बसलेली कोळ्यांची मुले वाट दाखवितात.