मुलाखतीला जाताना

(टिटवाळा येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी एक ताई म्हणाल्या, "अर्ज करते, बोलावणंही येतं, पण मुलाखतीत गाडं अडतं." आज त्याबद्दलच बोलू या.

आधी माझा अनुभव सांगते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मुंबईतल्या एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. समोर तिघे जण. कामाबद्दल दोन प्रश्न झाले आणि तिसरा आला, "टिटवाळ्याहून रोज येणार कशा? आणि उद्या लग्न झालं की काय?" मी गप्प झाले. पुढचे सोपे प्रश्नही बिघडले. परतीच्या गाडीत शहाड आलं तेव्हा उत्तर सुचलं. चांगलं उत्तर होतं, पण ते ऐकायला समोर कोणी नव्हतं. नोकरी गेली ती गेलीच.

तेव्हा कळलं, तयारी म्हणजे इस्त्रीची साडी आणि पाठ केलेलं इंग्रजी नव्हे. आपल्याला कोणता प्रश्न अडवणार हे आधी ओळखायचं आणि त्याचं उत्तर जिभेवर बसवायचं, ही खरी तयारी.

सुरुवात कागदांपासून करा. आपल्यातल्या कितीतरी जणींचे शाळा-कॉलेजचे दाखले माहेरच्या नावाचे असतात आणि आधार कार्ड सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद दाखवायचे, तिथे सोडून यायचे नाहीत. द्यायच्या त्या झेरॉक्स. आणि मुलाखतीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

मग आपलं काम. "मी घरीच असते" हे वाक्य आजपासून बंद. बचत गटाचा हिशेब ठेवता, शिकवण्या घेता, डबे देता, हे कामच आहे. ते आकड्यांत सांगा. "मी मेहनती आहे" असं कोणीही म्हणतं. "बारा जणींच्या गटाचं वहीखातं मी तीन वर्षं लिहिलं, एकदाही हिशेब चुकला नाही" हे जिनं केलं तीच म्हणू शकते. मुलांसाठी नोकरी सोडली असेल तर तेही एका वाक्यात सांगा, मान खाली न घालता, आणि लगेच समोरच्या कामाकडे वळा.

अंतराचा प्रश्न आपल्याला चुकणार नाही. त्याचं उत्तर गाडीच्या वेळेसकट द्या. कोणती लोकल, कुठे बदलायची, गाडी रखडली तर हाताशी किती वेळ ठेवलाय. त्यासाठी आधी एकदा त्याच वेळेला त्या जागेपर्यंत जाऊन या.

आता लग्न आणि मुलं. हा प्रश्न आपल्यालाच विचारतात असं नाही. सी. बी. मुथम्मा 1949 साली परराष्ट्र सेवेत गेल्या, त्या सेवेतल्या पहिल्या स्त्री. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी तक्रार मांडली की लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनीच त्यांना या सेवेपासून परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि तोंडी परीक्षेत कमीत कमी गुण दिले. लग्न केलं तर राजीनामा देईन, असंही त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. 1979 च्या निकालात न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले.

आयुर्विमा महामंडळात तर नोकरीला लागताना बाईला मासिक पाळीची आणि गरोदरपणाची माहिती फॉर्मवर भरावी लागे. ती खोटी दिली असं म्हणून नीरा माथूर यांना काढून टाकलं. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकाने वगळायला सांगितलं.

राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीत स्त्री म्हणून भेदभाव करायला मनाई करतं. 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतल्या भेदभावालाही बंदी केली आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती बंदी आहे.

पण हक्क सांगून उठून येणं प्रत्येकीला परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. घरभाडं थांबत नाही. म्हणून शांतपणे एवढंच म्हणा, "घरची व्यवस्था मी केली आहे. कामाच्या वेळा मला मान्य आहेत. कामाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा." घरी आल्यावर मात्र तो प्रश्न, तारीख, जागा वहीत लिहा आणि वही मंडळात आणा. एकटीकडे ती खंत असते. दहा जणींची नोंद झाली की तिची तक्रार करता येते.

आणि आपणही प्रश्न विचारायचे. हातात पगार किती? प्रॉव्हिडंट फंड आहे का? बाळंतपणाची रजा? बायकांसाठी स्वच्छतागृह? दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. ती आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

हे सगळं ऐकून येत नाही, बोलून येतं. मंडळात तीन खुर्च्या मांडा. तिघींनी साहेब व्हायचं, एकीने तर मुद्दाम खोचक बोलायचं. चौथीने उत्तरं द्यायची. पहिल्या वेळी हसू येईल, दुसऱ्या वेळी घाम फुटेल, तिसऱ्या वेळी आवाज आपोआप ठाम होईल.

उत्तर शहाडला सुचून उपयोग नाही, बायांनो. ते खुर्चीवर बसल्या बसल्या सुचलं पाहिजे. चला, मांडा खुर्च्या. पहिली कोण येतेय?